मातीतील शिशाची गोळी : ओळख, कालनिर्णय आणि आपली जबाबदारी

वसईच्या किल्ल्याच्या परिसरात किंवा कोकण किनाऱ्यावरील एखाद्या जुन्या कोटाच्या पायथ्याशी वाडी शिंपताना, विहीर खणताना, घराचा पाया घेताना कधी कधी एक पांढुरकी, जड, वाटोळी वस्तू हाती लागते. घरातील वडीलधारी माणसे ती हातात घेऊन सांगतात, "ही लढाईतली गोळी." पुढचा प्रश्न ओघानेच येतो : कोणत्या लढाईतली? मराठ्यांची की फिरंग्यांची? अडीचशे वर्षांपूर्वीची, की आजोबांच्या काळातील एखाद्या शिकाऱ्याची?

अलीकडे धातुशोधक यंत्रे बाजारात सहज मिळू लागली आहेत. त्यामुळे अशा वस्तू शोधण्याचे कुतूहल तरुणांमध्येही वाढले आहे. इंग्लंड व अमेरिकेत या यंत्रांनी रणभूमींच्या अभ्यासाला नवी दिशा दिली, हे खरे आहे. परंतु त्याच देशांतील अनुभवाने आणखी एक गोष्ट शिकवली आहे. गोळी कोणत्या जातीच्या बंदुकीची, हे ती स्वतः बऱ्याच अंशी सांगते. पण ती कधी आणि कोणी झाडली, हे मुख्यतः ती ज्या जागी पडली होती ती जागा सांगते. म्हणून गोळीची ओळख कशी पटवावी, तिचा काळ कसा ठरवावा आणि ती दिसल्यावर काय करावे, या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार येथे केला आहे.

शिसेच का?

शिसे हा जड आणि मऊ धातू आहे. एक घन सेंटिमीटर शिशाचे वजन ११.३४ ग्रॅम भरते. तेवढ्याच लोखंडाचे सुमारे ७.८ ग्रॅम. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे साध्या चुलीच्या निखाऱ्यावर लोखंडी पळीत ते पातळ करता येते. छावणीतील सैनिकाला दोन पाकळ्यांचा एक छोटा साचा आणि थोडे शिसे मिळाले की स्वतःच्या गोळ्या स्वतः ओतता येत. या सोयीमुळे पंधराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बंदुकीची गोळी म्हणजे शिशाची गोळी, हे समीकरण जगभर टिकून राहिले.

या सोयीची दुसरी बाजू अभ्यासकाने ध्यानात ठेवावयास हवी. शिसे पुन्हा पुन्हा वितळवले जाते. छपराचे पत्रे, नळ, जाळ्याची वजने, शत्रूच्या गोळ्या, काहीही मुशीत जाऊ शकते. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कमधील लोकांनी इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा शिशाचा पुतळा खाली ओढला. पुढे त्याच्या शिशातून ४२,०८८ गोळ्या ओतल्याची नोंद आहे. धातू जुना म्हणून गोळी जुनी असे म्हणता येत नाही आणि धातू परदेशी म्हणून गोळी झाडणारा परदेशी असेही म्हणता येत नाही.

प्रथम खात्री : ही गोळी आहे काय?

वाटोळी आणि जड अशी प्रत्येक वस्तू बंदुकीची गोळी नसते. पुढील वस्तूंमुळे हमखास फसगत होते.

१. जाळ्याची वजने. किनारपट्टीवर मासेमारीच्या जाळ्यांना शिशाची वजने लावतात. त्यांना आरपार भोक असते किंवा दोर बसण्यासाठी खाच असते. बंदुकीच्या गोळीला आरपार भोक नसते.

२. यंत्रातील पोलादी गोळ्या. सायकल व मोटारींच्या चाकांतील या गोळ्या मातीत गंजून तपकिरी होतात. लोहचुंबक लावताच त्या चिकटतात. शिसे चिकटत नाही.

३. शिशाचे सांडलेले थेंब. नळजोडणी किंवा डागकाम करताना पडलेले थेंब वाटोळे वाटतात, पण त्यांची एक बाजू सपाट किंवा खडबडीत असते.

४. गवंड्याचे ओळंबे, पोत्यांना लावलेली शिशाची मोहोर, हवेच्या बंदुकीचे छर्रे. यांचा आकार नीट पाहिल्यास भेद लक्षात येतो.

५. शिकारीच्या गोळ्या. कोकणात ठासणीची बंदूक शेतीच्या राखणीसाठी व रानडुकरांच्या शिकारीसाठी विसाव्या शतकातही वापरात राहिली. तिची गोळी तशीच वाटोळी, तशीच शिशाची आणि घरीच ओतलेली. गोळी वाटोळी असणे हा प्राचीनतेचा पुरावा मानता येत नाही, याचे आपल्या परिसरातील सर्वांत मोठे कारण हेच आहे.

शंका राहिल्यास घनतेची परीक्षा करता येते. वस्तू प्रथम हवेत आणि नंतर दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोलावी. हवेतील वजनाला पाण्यात घटलेल्या वजनाने भागले की घनता मिळते. उदाहरणार्थ, २७ ग्रॅमची वस्तू पाण्यात अडीच ग्रॅमने हलकी झाली, तर घनता १०.८ येते. हा आकडा शिशाच्या जवळचा आहे. लोखंडाला तो ८ च्या आत येईल आणि दगडाला ३ च्या आत.

रंग काय सांगतो?

नव्या शिशाचा रंग चकचकीत निळसर राखाडी असतो. मातीत पडल्यावर त्यावर हळूहळू पांढरा, दुधी किंवा पिवळसर तपकिरी थर चढतो. हा थर मुख्यतः शिशाच्या ऑक्साइडचा व कार्बोनेटचा असतो. तो घट्ट बसलेला असून आतील धातूचे रक्षण करतो.

परंतु थर जाड म्हणून गोळी अधिक जुनी, असे गणित मांडता येत नाही. आम्लधर्मी मातीत थोड्या वर्षांतही शिसे खूप खराब होते. चुनखडीच्या मातीत ते शतकानुशतके चांगले राहते. रासायनिक खते, खारे पाणी आणि शेणखत यांचाही परिणाम होतो. पांढरा थर एवढेच सांगतो की गोळी बराच काळ मातीत होती. किती काळ, ते तो सांगत नाही.

वजन आणि व्यास : मुख्य पुरावा

गोळीची सर्वांत विश्वसनीय माहिती तिच्या वजनातून मिळते. त्यासाठी सोनाराच्या काट्यासारखा अचूक काटा हवा. न झाडलेली गोळी गोल असते, त्यामुळे तिचा व्यास मोजपट्टीने मोजता येतो. पण दगडावर आपटून पापडासारखी चपटी झालेली गोळी कशी मोजावी? तिचा आकार बिघडला तरी वजन फारसे घटलेले नसते. अमेरिकेतील अभ्यासक डॅनियल सिव्हिलिच यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात वजनावरून मूळ व्यास काढण्याचे सूत्र दिले. ते आज जगभर वापरले जाते. मिलिमीटरमध्ये मांडल्यास ते असे :

व्यास (मिलिमीटर) = ५.६७ × वजनाचे (ग्रॅम) घनमूळ

उदाहरण घेऊ. गोळीचे वजन २७ ग्रॅम आहे. २७ चे घनमूळ ३. म्हणून मूळ व्यास सुमारे १७ मिलिमीटर. वजन ८ ग्रॅम असेल तर घनमूळ २ आणि व्यास ११.३ मिलिमीटर. शुद्ध व निर्दोष शिशाच्या गोलासाठी ५.६७ ऐवजी ५.५२ हा गुणक येतो. ओतीव गोळीत हवेचे बुडबुडे राहतात आणि शिशात इतर धातूंची भेसळही असते, त्यामुळे प्रत्यक्ष गोळी थोडी हलकी भरते. हा फरक सूत्रात धरलेला आहे.

येथे एक नेहमीची चूक टाळावी. गोळीचा व्यास म्हणजे बंदुकीच्या नळीचा व्यास नव्हे. तोंडाकडून दारू व गोळी भरून गजाने ठासावयाची, तर गोळी नळीहून लहानच हवी. शिवाय काही बार झाल्यावर नळीत दारूची काजळी साचते. म्हणून युद्धातील साध्या नळीच्या बंदुकीसाठी गोळी नळीपेक्षा सुमारे एक ते अडीच मिलिमीटर लहान ठेवीत.

जुन्या युरोपीय पद्धतीत बंदुकीचे माप पौंडावर सांगितले जाई. एक पौंड, म्हणजे ४५३.६ ग्रॅम, शिशातून समान वजनाच्या जितक्या गोळ्या होतील तो आकडा म्हणजे माप. आजही 'बारा बोअर' हा शब्द आपण ऐकतो, त्याचे मूळ हेच. आकडा जितका मोठा, तितकी गोळी लहान.

काही निश्चित मापे पुढे दिली आहेत.

• सतराव्या शतकातील इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या काळातील पायदळाची जड बंदूक : पौंडाला १२ च्या मापाची गोळी सुमारे ३८ ग्रॅम वजनाची व साडेअठरा मिलिमीटर व्यासाची असते. घोडेस्वारांच्या आखूड बंदुका व पिस्तुले यांच्या गोळ्या याहून लहान.

• 'ब्राऊन बेस' या नावाने ओळखली जाणारी ब्रिटिश चकमकीची बंदूक, अठरावे शतक ते एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध : नळी १९ मिलिमीटर, गोळी सुमारे साडेसतरा मिलिमीटर, वजन २९ ते ३२ ग्रॅम. आपल्या तोळ्यांत अडीच ते पावणेतीन तोळे.

• 'शार्लव्हिल' ही फ्रेंच चकमकीची बंदूक, अठरावे शतक : नळी साडेसतरा मिलिमीटर, गोळी १६ ते साडेसोळा मिलिमीटर, वजन २२ ते २७ ग्रॅम.

• सात-आठ मिलिमीटरचे व त्याहून लहान छर्रे : शिकारीचे, किंवा मोठ्या गोळीसोबत भरलेले.

ही यादी युरोपीय सैन्यांना लागू पडते, कारण तेथे राजसत्तेने मापे ठरवून दिली होती. भारतातील तोड्याच्या बंदुका निरनिराळ्या कारागिरांनी घडवलेल्या असत. प्रत्येकीच्या नळीचे माप वेगळे आणि बहुधा तिच्यासोबत तिचाच साचा. अशा गोळ्यांचा ढीग मोजला तर मापे विखुरलेली दिसतात. कवायती पलटणीच्या गोळ्या मोजल्या तर एका मापाभोवती दाट गर्दी दिसते. एका गोळीवरून जे कळत नाही, ते पन्नास गोळ्यांच्या मांडणीवरून कळते ते असे.

गोळीच्या अंगावरील खुणा

भिंग घेऊन तिरप्या उजेडात गोळी पाहावी. पुढील खुणा शोधाव्या.

शिवण. साच्याच्या दोन पाकळ्या जेथे मिळतात तेथे गोळीभोवती बारीक उंचवट्याची रेषा राहते. पाकळ्या नीट जुळल्या नसतील तर दोन अर्धगोल एकमेकांवरून सरकल्यासारखे दिसतात.

ओतमुखाची खूण. ज्या तोंडातून शिसे ओतले तेथे एक लहान देठ राहतो. तो चिमट्याने किंवा सुरीने कापतात. कापल्याची सपाट वाटोळी खूण राहते.

शिवण व देठ दोन्ही नसतील आणि गोळी लहान असेल, तर ती मनोऱ्यातून पाडलेली असू शकते. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स याने १७८२ साली अशा पद्धतीचे एकस्व मिळवले. वितळलेले शिसे उंचावरून चाळणीतून पाण्यात पाडले की थेंब हवेतच गोल होतात. अर्थात मनोऱ्यातून पाडलेले छर्रे त्या वर्षानंतरचे मानावे.

गजाची खूण. ठासताना गजाचे टोक गोळीवर दाबले जाऊन वाटोळा चपटा ठसा उमटतो.

कमरपट्टा. झाडताना गोळी नळीत घासली जाऊन तिच्याभोवती सपाट पट्टा पडतो. दारूच्या स्फोटाने मागील बाजूस बारीक खळगेही पडतात.

आघात. मऊ मातीत शिरलेली गोळी थोडी दबते. दगडी तटावर आपटलेली पार चपटी होते. कधी तिच्यावर लाकडाच्या किंवा कापडाच्या विणीचा ठसा राहतो.

दातांच्या खुणा. यांविषयी बऱ्याच दंतकथा आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना सहन करण्यासाठी सैनिक गोळी चावत, असे सांगितले जाते. काही गोळ्या माणसांनी चावल्या असतीलही. पण खोल आणि वेड्यावाकड्या खुणा असलेल्या बहुतेक गोळ्या शेतात चरणाऱ्या डुकरांनी चघळलेल्या असतात, असे निरीक्षणांतून दिसून आले आहे. उंदीर-घुशी कुरतडतात तेव्हा समांतर बारीक ओरखडे उमटतात.

या खुणांवरून मुख्य भेद करता येतो तो झाडलेल्या आणि न झाडलेल्या गोळ्यांचा. न झाडलेली गोळी जेथे सैनिक उभा होता, चालत होता किंवा मुक्कामास होता तेथे पडते. झाडलेली गोळी जेथे त्याचा शत्रू होता त्या बाजूस सापडते. गोळ्या नेमक्या कोठे पडल्या होत्या, यावरून सैन्याच्या बाजूचा अंदाज बांधता येतो.

वाटोळी गोळी कोठे संपते?

काळाची सर्वांत स्पष्ट सीमारेषा आकारात आहे. फ्रेंच सेनाधिकारी क्लोद-एत्येन मिनिए याने १८४० च्या दशकाच्या अखेरीस टोकदार व तळाशी पोकळ असलेली गोळी प्रचारात आणली. झाडताना तिचा तळ फुगून आटेदार नळीत घट्ट बसे, त्यामुळे नेम दूरवर लागे. १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल याच तत्त्वावर चाले. तिच्या काडतुसांना लावलेल्या चरबीवरून १८५७ साली भारतात काय घडले, हे सर्वांना ठाऊक आहे. या गोळीचे वजन सुमारे ३४ ग्रॅम, म्हणजे जुन्या वाटोळ्या गोळीच्या जवळपास. पण आकार शंकूसारखा.

यावरून ढोबळ क्रम असा लागतो. टोकदार व पोकळ तळाची शिशाची गोळी १८५० च्या आगेमागे किंवा नंतरची. पितळी काडतुसाचे टोपण सोबत असेल तर ती बहुधा १८६० च्या दशकानंतरची. शिशावर तांबे किंवा निकेलमिश्रित धातूचे कवच असेल तर १८८० च्या दशकानंतरची. वाटोळी गोळी मात्र या सीमारेषेच्या अलीकडेही सापडते, कारण सैन्याने टाकलेली ठासणीची बंदूक गावकऱ्याने टाकली नाही.

जागेची साक्ष : दोन उदाहरणे

२८ जून १७७८ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी येथे मॉनमथची लढाई झाली. १९९० च्या दशकात सिव्हिलिच आणि त्यांच्या स्वयंसेवक सहकाऱ्यांनी त्या रणभूमीची धातुशोधक यंत्रांनी पाहणी केली. प्रत्येक गोळीची जागा नकाशावर मांडली, प्रत्येकीचे वजन केले, झाडलेली व न झाडलेली अशी विभागणी केली. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सैन्यात मोठ्या गोळीसोबत अनेक छर्रे भरण्याची पद्धत होती. आघाताच्या खुणा असलेले छर्रे जेथे दाट सापडले, तेथे अमेरिकनांचा मारा पडला होता, असे अनुमान त्यामुळे काढता आले. कागदपत्रांत अस्पष्ट राहिलेल्या हालचाली अशा रीतीने जमिनीवर दाखवता आल्या.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील बॉसवर्थचे. २२ ऑगस्ट १४८५ रोजी तेथे राजा तिसरा रिचर्ड मारला गेला. लढाई एका टेकडीवर झाली अशी रूढ समजूत होती आणि तेथेच स्मारक केंद्रही उभारले गेले. ग्लेन फोर्ड यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या पाहणीत तोफांचे व हातबंदुकांचे शिशाचे गोळे त्या टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटर दूर असलेल्या शेतांत सापडले. २००९ साली हा निष्कर्ष जाहीर झाला. रूढ समजूत मातीतील शिशाच्या गोळ्यांनी दुरुस्त केली.

आता विचार करावा. ते गोळे त्याआधीच्या वर्षांत हौशी लोकांनी एकेक करून उचलून नेले असते आणि घरच्या कपाटात ठेवले असते, तर? प्रत्येक गोळा जसाच्या तसा राहिला असता. रणभूमी मात्र कायमची हरवली असती.

वसईचा प्रश्न

हीच कसोटी आपल्या वसईला लावून पाहू. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या सैन्याने दीर्घ वेढ्यानंतर मे महिन्यात किल्ला घेतला. तटाखाली सुरुंग उडाले, दोन्ही बाजूंची मोठी प्राणहानी झाली. १७८० च्या अखेरीस जनरल गॉडार्ड याच्या इंग्रज फौजेने वेढा घालून डिसेंबरात किल्ला मराठ्यांकडून घेतला. म्हणजे एकाच तटाभोवती, अवघ्या ४१ वर्षांच्या अंतराने, दोन वेढे पडले. आणि मधल्या व पुढच्या काळात पहारे, सराव व शिकार चालूच राहिली.

समजा, तेथे साडेसतरा मिलिमीटरची एक गोळी आहे. माप पाहता ती ब्रिटिश बंदुकीची वाटते. मग ती १७८० ची म्हणावी काय? घाई करू नये. युरोपीय बंदुका विकत घेतल्या जात, लुटीत मिळत, एका सैन्याकडून दुसऱ्याकडे जात. गोळी तटाच्या आत होती की बाहेर, झाडलेली होती की न झाडलेली, कोणत्या थरात होती, तिच्याजवळ कोणते नाणे, कोणते खापर, कोणती चकमक होती, हे सर्व एकत्र पाहिल्यावरच अभ्यासक काही सांगू शकेल. मुठीत घेऊन आणलेल्या गोळीला या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर देता येत नाही.

किल्ल्याच्या आत आपल्या पूर्वजांच्या चर्चचे अवशेष आहेत, मठ आहेत, थडग्यांच्या शिळा आहेत. तेथील माती उकरणे म्हणजे कोणाच्या तरी विश्रांतिस्थानाला हात लावणेही असू शकते, याचे भान प्रत्येकाने ठेवावे.

कायदा काय म्हणतो?

वसईचा किल्ला हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक असून ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या अखत्यारीत आहे. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ नुसार संरक्षित क्षेत्रात परवानगीविना उत्खनन करता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाची हानी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यंत्र हाती घेऊन हौसेने तेथे खणू पाहणाऱ्याने हे जाणून असावे.

खाजगी जमिनीत सापडलेल्या वस्तूंनाही कायदा आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ प्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची मौल्यवान वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे हे सापडणाऱ्याचे कर्तव्य आहे. पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम, १९७२ हा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार व निर्यात यांवर बंधने घालतो. परदेशी स्थायिक झालेल्या नातलगांना जुनी गोळी आठवण म्हणून पाठवण्याचा मोह होतो, तो टाळावा.

गोळी आढळल्यास काय करावे?

१. उचलण्यापूर्वी थांबावे. शेजारी नाणे, मोजपट्टी किंवा पेन ठेवून आहे त्या जागी छायाचित्र घ्यावे.

२. जागा लिहून ठेवावी : गाव, सर्व्हे क्रमांक, विहीर किंवा घराच्या कोपऱ्यापासूनचे अंतर, जमिनीखाली किती खोल, माती कशी. भ्रमणध्वनीवरील स्थाननोंद जोडावी.

३. एकाहून अधिक गोळ्या असतील तर प्रत्येकीला वेगळी पिशवी व वेगळा क्रमांक द्यावा. सर्व एका डब्यात टाकल्यास निम्मी माहिती तेथेच संपते.

४. घासू नये. चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा वाळूने चकचकीत करू नये. पांढऱ्या थराखालीच शिवण, गजाचा ठसा व विणीच्या खुणा सुरक्षित असतात. सैल माती मऊ कुंचल्याने काढली की पुरे.

५. लाकडी पेटी किंवा साधा पुठ्ठा वापरू नये. त्यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिसे भुकटी होऊन झडते. पॉलिथिनची पिशवी योग्य.

६. शिसे विषारी आहे. हाताळल्यावर हात साबणाने धुवावे. मुलांच्या हाती देऊ नये, गळ्यात लॉकेट करून घालू नये आणि स्वयंपाकघरात तर मुळीच वितळवू नये.

७. तोफेचा पोकळ गोळा किंवा आधुनिक काडतूस दिसल्यास हात न लावता पोलिसांना कळवावे. जुनी दारूही पेट घेऊ शकते.

८. त्यानंतर तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालय, अथवा पुरातत्त्व विभाग यांना कळवावे. जवळच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापकांचे मार्गदर्शनही उपयोगी पडते.

ज्यांच्या घरी पूर्वीपासून अशा गोळ्या आहेत, त्यांनी एक छोटे काम आजच करावे. ती गोळी कोणाला, कोणत्या वाडीत, साधारण कोणत्या साली व कशी सापडली, हे घरातील ज्येष्ठांना विचारून एका चिठ्ठीवर लिहावे आणि चिठ्ठी गोळीसोबत ठेवावी. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे शक्य आहे.

समारोप

बोटभर पेराएवढी ही वस्तू. वजनाने ती बंदूक सांगते, खुणांनी ती झाडली गेली की नाही हे सांगते, आकाराने शतकाची सीमा दाखवते. पण १७३९ की १७८०, पोर्तुगीज की मराठा की इंग्रज, लढाई की शिकार, या प्रश्नांची उत्तरे तिच्याभोवतीच्या मातीत असतात. आणि प्रत्येक गोळीच्या एका टोकाला ती झाडणारा माणूस होता, दुसऱ्या टोकाला ती झेलणारा माणूस असण्याचा संभव होता. त्या दोघांचीही नावे बहुधा कोठे लिहिलेली नाहीत. ते कोठे उभे होते एवढी एकच नोंद मातीने जपली आहे. ती पुसली जाऊ नये, इतकी काळजी घेणे आपल्या हाती आहे.